संगणक संकुलापासून मॅनहोलपर्यंत : केरळच्या तंत्रज्ञान धोरणातून स्थानिकांना काय मिळाले?

राज्यांच्या तंत्रज्ञान धोरणांचे यश बहुधा गुंतवणुकीच्या आकड्यांत, कंपन्यांच्या संख्येत आणि संकुलांच्या क्षेत्रफळात मोजले जाते. मात्र ज्या भागात हे धोरण राबविले जाते, तेथील शेतकरी, मच्छीमार, सफाई कामगार किंवा रोजगार हमीवरील मजूर यांच्या जीवनात त्यामुळे कोणता फरक पडला, हा प्रश्न अनेकदा मागे राहतो. केरळचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. गेल्या अर्धशतकात या राज्याने तंत्रज्ञानाविषयी जे निर्णय घेतले, त्यांतील लाभ आणि उणिवा आज स्पष्टपणे पाहता येतात.

उद्योगापासून आरंभ

केरळने १९७३ मध्ये ‘केल्ट्रॉन’ ही इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातील राज्य सरकारची कंपनी स्थापन केली. त्यानंतर १९९० मध्ये तिरुवनंतपुरम येथे ‘टेक्नोपार्क’ उभे राहिले. देशातील पहिले तंत्रज्ञान संकुल म्हणून ते ओळखले जाते. सुशिक्षित तरुणांना रोजगारासाठी आखाती देशांत किंवा अन्य राज्यांत जावे लागू नये, हा त्यामागील एक हेतू होता. संकुलामुळे रोजगार निर्माण झाला. परंतु त्याचा प्रत्यक्ष लाभ मुख्यतः अभियंते आणि पदवीधरांपुरता राहिला. ग्रामीण कुटुंबांपर्यंत तंत्रज्ञान न्यायचे, तर वेगळी रचना लागणार होती.

घरातील एक व्यक्ती संगणक-साक्षर

ही रचना ‘अक्षय’ प्रकल्पाच्या रूपाने पुढे आली. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते नोव्हेंबर २००२ मध्ये त्याचा प्रारंभ झाला आणि पथदर्शी जिल्हा म्हणून मलप्पुरमची निवड करण्यात आली. प्रत्येक कुटुंबातील किमान एका व्यक्तीला संगणकाचे प्राथमिक ज्ञान देणे आणि घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर संगणक केंद्र उपलब्ध करणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. ही केंद्रे शासकीय कर्मचाऱ्यांकडे न देता स्थानिक उद्योजकांकडे सोपविण्यात आली.

प्रशिक्षणाचा पहिला टप्पा संपल्यावर केंद्रांपुढे उत्पन्नाचा प्रश्न उभा राहिला. केवळ संगणक शिकविण्यावर केंद्र चालविणे अनेकांना शक्य झाले नाही आणि बरीच केंद्रे बंद पडली. जी टिकली, त्यांना आधार मिळाला तो देयकांचा भरणा, दाखले आणि शासकीय अर्ज यांसारख्या नित्य सेवांचा. महाराष्ट्रातील वाचकांना परिचित असलेल्या ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांशी या स्वरूपाचे साम्य आहे. लोकांना ज्या कामासाठी वारंवार यावे लागते, ते काम केंद्रात होत असेल, तरच केंद्र टिकते, हा ‘अक्षय’चा पहिला धडा ठरला.

वारणेचा समांतर अनुभव

महाराष्ट्रातही याच सुमारास असाच प्रयोग झाला होता. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात १९९८ मध्ये सुमारे ७० गावांना संगणक जाळ्याने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. गावातील केंद्रांतून बाजारभाव, शेतीविषयक सल्ला आणि शासकीय माहिती मिळावी, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी केंद्राचा उपयोग मुख्यतः सहकारी साखर कारखान्याशी संबंधित कामांसाठी केला. ऊस किती गेला, वजन किती भरले, बिल कधी मिळणार, ही माहिती त्यांना हवी होती. पुढे हीच माहिती मोबाइलवरील लघुसंदेशांद्वारे देण्याचा प्रयोग झाला आणि संगणकाची देखभाल करण्यापेक्षा तो स्वस्त पडल्याचे दिसून आले. लोकांची गरज कायम होती; तिच्यासाठी योग्य साधन कोणते, हे वापरातून ठरले.

मासळीचा भाव आणि मोबाइल

स्थानिक समाजाला तंत्रज्ञानाचा लाभ कसा होतो, याचे मोजमाप झालेले एक उदाहरण केरळच्या किनाऱ्यावरच आहे. कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड या जिल्ह्यांत १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिच्या परिणामांची नोंद आहे. पूर्वी एका बंदरावर गिऱ्हाईक नसल्याने मासळी टाकून द्यावी लागे, तर काही किलोमीटरवरील दुसऱ्या बंदरावर तिचा तुटवडा असे. मोबाइल आल्यानंतर मच्छीमार समुद्रातूनच भावाची चौकशी करू लागले. मासळी वाया जाणे जवळपास थांबले, मच्छीमारांच्या नफ्यात सरासरी ८ टक्के वाढ झाली आणि ग्राहकांसाठी भाव सुमारे ४ टक्क्यांनी उतरले.

या बदलासाठी मच्छीमारांकरिता वेगळी योजना आखावी लागली नव्हती. मात्र जेथे जाळे पोहोचले, तेथेच लाभ झाला. म्हणूनच जोडणी ही मूलभूत सुविधा मानावी, हा विचार पुढे बळावला. केरळ सरकारने राज्याचे स्वतःचे ‘के-फॉन’ हे ऑप्टिकल फायबर जाळे उभारले आणि ५ जून २०२३ रोजी त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. राज्याच्या वीज मंडळाचे खांब वापरून केबल टाकण्यात आली. २० लाख गरीब कुटुंबांना मोफत इंटरनेट देण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले असले, तरी पहिल्या टप्प्यात १४० विधानसभा मतदारसंघांतील प्रत्येकी १०० म्हणजे १४,००० कुटुंबांचाच समावेश होता. उद्दिष्ट आणि प्रारंभ यांतील हे अंतर टीकेचा विषय ठरले आहे.

बँकेच्या रांगेतून आलेली कल्पना

जोडणी असूनही ती वापरता येत नसेल, तर लाभ अपुरा राहतो. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पुल्लंपारा ग्रामपंचायतीत रोजगार हमीवरील मजुरांना मजुरी जमा झाली की नाही, एवढेच पाहण्यासाठी बँकेत जावे लागे आणि कामाचा वेळ बुडे. त्यातून सर्व गावकऱ्यांना मोबाइल वापरणे शिकविण्याची मोहीम उभी राहिली. कामाच्या ठिकाणी, बचतगटांच्या बैठकांत आणि घरोघरी प्रशिक्षण देण्यात आले. २०२२ मध्ये ही पंचायत संपूर्ण डिजिटल साक्षर घोषित झाली.

याच नमुन्यावर राज्यभर ‘डिजी केरळम्’ मोहीम राबविण्यात आली. सर्वेक्षणात सुमारे २१.८८ लाख नागरिकांना प्रशिक्षणाची गरज असल्याचे आढळले. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य सरकारने केरळ संपूर्ण डिजिटल साक्षर झाल्याची घोषणा केली. राज्य संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा १९९१ मध्ये झाली होती. स्वयंसेवक आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या बळावर चालणाऱ्या त्या चळवळीचा वारसा येथे उपयोगी पडला.

मॅनहोलमधील यंत्रमानव

धोरणाचा सर्वांत ठळक सामाजिक परिणाम मलनिस्सारण व्यवस्थेत दिसतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये कोळिकोड येथे मॅनहोलमध्ये उतरलेले दोन कामगार आणि त्यांना वाचविण्यासाठी धावलेला एक रिक्षाचालक मृत्युमुखी पडले. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी असूनही अशा घटना देशभर घडत होत्या. या पार्श्वभूमीवर केरळमधील तरुण अभियंत्यांच्या ‘जेनरोबोटिक्स’ या नवउद्योगाने ‘बॅन्डिकूट’ हा यंत्रमानव विकसित केला.

त्याचा एक भाग रस्त्यावर राहतो, तर दुसरा भाग यांत्रिक हातांसह आत उतरून गाळ व कचरा उचलतो. कॅमेऱ्यामुळे आतील दृश्य पडद्यावर दिसते आणि विषारी वायूंची नोंदही होते. पूर्वी मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगारांनाच यंत्र चालविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. केरळ स्टार्टअप मिशनचे पाठबळ आणि केरळ जल प्राधिकरणाचे सहकार्य मिळाल्याने २०१८ मध्ये तिरुवनंतपुरम येथे त्याचा वापर सुरू झाला. शासन स्वतः पहिला ग्राहक झाल्याने प्रयोगशाळेतील नमुना रस्त्यावर येऊ शकला. महाराष्ट्रातही याच तत्त्वावर स्टार्टअप सप्ताहातील विजेत्या नवउद्योगांना १५ लाख रुपयांपर्यंतचे शासकीय कार्यादेश देण्याची पद्धत सुरू झाली.

यंत्र आहे, जबाबदारी कोणाची?

तथापि, यंत्राच्या उपलब्धतेने प्रश्न आपोआप सुटत नाही. जुलै २०२४ मध्ये त्याच तिरुवनंतपुरम शहरात रेल्वे स्थानकालगतच्या आमयिळंजान नाल्याची सफाई करताना एक कंत्राटी कामगार वाहून गेला. शोधासाठी यंत्रमानव आणण्यात आले. परंतु दोन दिवसांनी त्याचा मृतदेहच हाती लागला. त्यानंतर नाल्याच्या सफाईची जबाबदारी रेल्वेची की महापालिकेची, असा वाद रंगला. धोकादायक काम यंत्राकडे द्यायचे, तर प्रत्येक कंत्राटात तशी अट, यंत्र वेळेवर उपलब्ध करण्याची व्यवस्था आणि उत्तरदायी यंत्रणा निश्चित असणे आवश्यक असल्याचे या घटनेने दाखविले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मलवाहिनीतील मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली आहे. भरपाई मृत्यूनंतर मिळते. धोरणाचे काम त्यापूर्वी सुरू व्हायला हवे.

केरळ आणि वारणेच्या अनुभवांतून अन्य राज्यांसाठी काही निकष मिळतात. गरज स्थानिकांनी सांगितलेली असावी, सेवा टिकण्यासाठी तिचा नित्य उपयोग असावा, शिकविण्याचे काम गावातील संस्थांनी करावे आणि नव्या साधनाचा पहिला ग्राहक होण्याची तयारी शासनाने ठेवावी. या साखळीतील शेवटचा माणूस बहुधा कंत्राटी मजूर असतो. धोरणाचे मूल्यमापन करताना प्रथम त्याच्या कामाच्या ठिकाणी काय बदलले, हे पाहिले जाणे आवश्यक आहे.