माशाची चकाकी आणि गळाचे आमिष

ताज्या तारल्यांची टोपली रिकामी झाली की विकणाऱ्या बाईच्या बोटांना आणि टोपलीच्या काठाला चांदीच्या भुकटीसारखे काहीतरी चिकटून राहिलेले दिसते. हाताने चोळले तर ते पसरते, पण त्याची चमक जात नाही. ही चांदी अर्थातच धातूची नव्हे. ग्वानीन नावाच्या पदार्थाचे ते अतिसूक्ष्म, पारदर्शक आणि चपटे स्फटिक होत. माशाच्या त्वचेत या स्फटिकांच्या पातळ चकत्या एकीवर एक रचलेल्या असतात व दोन चकत्यांमध्ये पेशीतील द्रवाचा थर असतो. प्रत्येक चकतीची जाडी साधारणतः मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी भरते. प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परत फिरतो, आणि या सर्वांची बेरीज होऊन एकही धातू नसताना उत्तम आरसा तयार होतो. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. ताज्या तारल्याची कातडी काचेच्या पेल्यातील पाण्यात हलकेच चोळावी व पाणी ढवळून उन्हात धरावे. पाण्यात मोत्यासारख्या लाटा फिरताना दिसतील.

हाच चमत्कार सतराव्या शतकात पॅरिसमधील जाकँ नावाच्या, जपमाळा बनविणाऱ्या कारागिराच्या दृष्टीस पडला. एका लहान नदीमाशाचे खवले धुतलेल्या पाण्यातील चमक त्याने वेगळी काढली, ती पोकळ काचमण्यांच्या आतून लावली आणि कृत्रिम मोती तयार केले. या द्रव्याला पुढे ‘पूर्वेचा अर्क’ अशा अर्थाचे भारदस्त फ्रेंच नाव मिळाले. पूर्वेचा त्याच्याशी संबंध काय, हे व्यापाऱ्यांनाच ठाऊक!

मासा ही चांदी अंगावर बाळगतो ती मिरविण्यासाठी नव्हे. ती लपण्यासाठी असते. इंग्लंडमधील प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेत एरिक डेंटन यांनी १९६० नंतरच्या दशकात हेरिंगसारख्या रुपेरी माशांवर काम करून याचा उलगडा केला. खोल पाण्यात प्रकाश मुख्यतः वरून येतो आणि चोहोबाजूंनी तो जवळजवळ सारखा असतो. अशा ठिकाणी उभा धरलेला आरसा समोरच्या पाण्याचाच उजेड परत पाठवितो. तो उजेड आरशाच्या मागील पाण्याच्या उजेडासारखाच असल्याने आरसा दिसेनासा होतो. माशाची कूस गोलसर असली तरी तिच्यातील बहुतेक चकत्या उभ्याच रचलेल्या असतात, त्यामुळे सरळ पोहणारा मासा शिकाऱ्याच्या नजरेत भरत नाही. तो आजारी पडला, जखमी झाला किंवा घाबरून कलंडला, तर मात्र हे आरसे तिरपे होतात, वरचा प्रखर प्रकाश एकदम परावर्तित होतो आणि क्षणभर लखलखाट होतो. शिकारी माशाच्या दृष्टीने ही लकाकी म्हणजे सहज हाती लागणाऱ्या भक्ष्याची खूण होय.

गळाला लावावयाच्या नकली माशाचे सारे शास्त्र या एका गोष्टीत आहे. त्याची चमक सतत दिसता कामा नये. ती लागावी आणि विझावी.

फिनलंडमधील मच्छीमार लौरी रापाला यांनी हे सरोवरावर होडी वल्हविताना, निव्वळ निरीक्षणाने ओळखले होते. मोठा मासा लहान माशांच्या थव्यात शिरला की तो नेमका किंचित लटपटत पोहणारा मासा उचलतो, असे त्यांना दिसले. १९३६ साली त्यांनी बुचाच्या लाकडाचा तुकडा चांभाराच्या सुरीने कोरून त्याला माशाचा आकार दिला. चमक आणण्यासाठी चॉकलेटच्या वेष्टनातील चांदीचा कागद वर गुंडाळला. पाणी आत शिरू नये म्हणून लाख हवी होती, ती मिळेना. तेव्हा छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. (हा शेवटचा प्रकार कोणी करून पाहू नये. जुन्या फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असतात.) टाकाऊ वस्तूंतून उभा राहिलेला हा नकली मासा पुढे जगभर गेला.

आपल्या खाड्यांत चोणक आणि बाहेर समुद्रात इसवण धरण्यासाठी अशी आमिषे आता अनेक जण वापरतात. बाजारात मिळणारी चांगली आमिषे महाग असतात, आणि खडकात किंवा खारफुटीच्या मुळांत अडकली की दोरी तोडण्यावाचून गत्यंतर नसते. हौशी माणसाला तो तोटा सोसतो. गळावरच ज्याची संध्याकाळची भाजी अवलंबून आहे त्याला सोसत नाही. म्हणून घरी आमिष बनविण्याची रीत येथे थोडी विस्ताराने देत आहोत.

पांगाऱ्यासारखे हलके, वाळलेले लाकूड घ्यावे. आकार दिल्यावर पॉलिश कागदाने ते अगदी गुळगुळीत करावे, कारण चमकदार थराखाली राहिलेला प्रत्येक ओरखडा वर उठून दिसतो. त्यानंतर लाकडाची छिद्रे बुजविणारा लेप द्यावा व पूर्ण वाळू द्यावा.

पुष्कळ जण येथे एक चूक करतात. फाटकांना व टाक्यांना लावतात तो अल्युमिनियमचा रंग आणून ते फासतात. त्या रंगातील धातूच्या पापुद्र्यांना स्निग्ध आम्लाचे आवरण दिलेले असते, त्यामुळे ते तरंगून पृष्ठभागावर येतात. प्रथम तो रंग झकास चमकतो. पण त्यावर पारदर्शक लेप दिला की पापुद्रे विस्कटतात, रंग राखाडी पडतो आणि वरचा लेपही नीट धरत नाही. लेप दिला नाही तर पहिल्याच माशाच्या दातांनी चांदी निघून जाते. त्यापेक्षा वातानुकूलन यंत्रांच्या नळ्यांना लावतात ती चिकट पाठीची अल्युमिनियम पट्टी कितीतरी बरी. दोन्ही कुशींसाठी माशाच्या आकाराचे दोन तुकडे कापावेत, सांधे पाठीवर व पोटावर येतील असे चिकटवावेत आणि चमच्याच्या पाठीने घासून सुरकुत्या काढाव्यात. चिकटविण्यापूर्वी पट्टी बारीक दात्यांच्या कानशीवर दाबून घेतली तर तिच्यावर खवल्यांसारखी नक्षी उमटते. ही केवळ शोभा नव्हे. नक्षीमुळे एका मोठ्या आरशाचे शेकडो लहान आरसे होतात आणि आमिष हलताच एकेक लुकलुकतो.

पट्टीवर रंग चढवावयाचा तो पातळ व पारदर्शक असावा, म्हणजे खालची चमक त्यातून दिसते. पाठ गडद हिरवी-निळी आणि पोट पांढरे ठेवावे. बांगड्याची नक्कल असेल तर पाठीवर लांबीच्या दिशेने काळसर रेघा ओढाव्यात. फवाऱ्याने रंग देणारे मच्छरदाणीचा तुकडा ताणून धरतात व त्यावरून फवारतात, त्याने खवले छान उमटतात. मोत्याची झाक हवी असल्यास मोटारींच्या रंगात वापरतात ती अभ्रकाची भुकटी मिळते. अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टिटॅनियम डायॉक्साइडचा अतिपातळ थर दिलेला असतो, म्हणजे माशाच्याच युक्तीची ही नक्कल. तिच्यातील रंगीत झाक दाखविणाऱ्या जातीखाली गडद रंग हवा; पांढऱ्यावर ती झाक जवळजवळ हरवते.

शेवटी दोन भागांच्या इपॉक्सीचा पारदर्शक लेप द्यावा. तो घट्ट होईपर्यंत आमिष सतत हळूहळू फिरवीत ठेवावे, नाहीतर लेप ओघळून पोटाशी जमा होतो आणि आमिषाचा तोल जातो. हे काम उघड्या हवेत, हातमोजे घालून करावे. वजनासाठी शिसे वितळविणे घरात, विशेषतः मुलांजवळ, कटाक्षाने टाळावे. त्याची वाफ व धूळ विषारी असते. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली आहे. औद्योगिक रंग मात्र त्या नियमांत येत नाहीत, म्हणून खरेदी करताना डबा वाचून घ्यावा.

पावसाळ्यातील गढूळ पाण्यात या साऱ्या चकाकीचा उपयोग थोडा. उजेडच खाली पोहोचत नाही, आणि तपकिरी पाण्यात निळा प्रकाश लवकर शोषला जातो. तेथे चांदीऐवजी सोनेरी किंवा तांब्याची झाक घ्यावी, आणि चमकेपेक्षा आमिषाच्या हेलकाव्यावर अधिक भरवसा ठेवावा. आरशासारखी झळाळणारी आमिषे दुकानात माणसाला आधी भुलवितात, असा आमचा समज आहे.

तयार आमिष स्वच्छ पाण्याच्या टाकीत दोरीने ओढून पाहावे. प्रत्येक हेलकाव्याला लकाकी दिसून मावळली तर काम जमले. एकसारखी झळकत राहिली तर पाठीवर व कुशीच्या वरच्या भागावर आणखी थोडा गडद रंग चढवावा. वापरल्यानंतर आमिष गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. दातांनी लेपाला भोक पडले असल्यास ते त्याच दिवशी नखांच्या बिनरंगी पॉलिशने बुजवावे, कारण तेथून पाणी आत शिरले की लाकूड फुगते आणि पट्टी सुटू लागते.