वीस टन आणि दोन चाकं

उसाचा हंगाम सुरू झाला, की धारवाडच्या मळमड्डीतून निघून हल्याळ रस्त्याला लागणाऱ्याने घाई घरीच ठेवावी. कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर पुढे असतोच. मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस आणि ड्रायव्हरच्या स्पीकरवर कानठळ्या बसवणारं गाणं. आपण चडफडतो : हा जरा जोरात का हाकत नाही?

न हाकलेलाच बरा. ट्रॅक्टर 2 टनांचा, ऊस आणि ट्रॉल्या मिळून 18 टन धरू. एवढं ओझं ओढायला खालचा गिअर पुरतो. पंचाईत थांबण्याची आहे. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, ट्रॉल्यांना सहसा नसतातच. ब्रेक कितीही करकचून दाबला तरी टायरची रस्त्यावर जेवढी पकड, तेवढाच त्याचा जोर. पकड ठरते त्या चाकांवरच्या वजनावर, आणि ते असतं जेमतेम दीड टन.

ढोबळ गणित करू. कोरड्या डांबरावर नुसता ट्रॅक्टर ताशी 20 किलोमीटरवरून साडेतीन मीटरांत थांबेल. तेवढ्याच ब्रेकवर दसपट वस्तुमान थांबवायचं तर 35 मीटर लागतील. वेग 30 केला, की अंतर 79 मीटर. वेग दीडपट, अंतर सव्वादोन पट. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ड्रायव्हरला भान येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत गेलेले मीटर यात धरलेलेच नाहीत.

हे सपाटीवरचं झालं. धारवाडहून हुबळीकडे रस्ता उतरत जातो. 25 मीटरला 1 मीटर असा उतार आला, तर गुरुत्वाकर्षणाची ओढ ब्रेकच्या जोराच्या जवळपास नऊदशांश होते. टायर फिरताना होणारा विरोध थोडा हात देतो, पण थोडाच. म्हणून डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं हा भलताच महागडा काटकसरीपणा. चढताना जो गिअर लागतो त्यातच उतरावं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम याच गणितातून आलाय : वेग आधीच वाढू द्यायचा नाही.

वेगाची दुसरी खोड म्हणजे डुलणं. हूकला जोडलेली ट्रॉली लंबकासारखी झुलते. वेग कमी असेल तर टायरच्या घर्षणाने झोके विरतात. वेग वाढेल तसं ते विरणं मंदावतं आणि एका मर्यादेपुढे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. वजन ट्रॉलीच्या मागच्या टोकाला गेलं, तर ही मर्यादा खाली येते. मोटारीमागे कॅरव्हॅन जोडणाऱ्यांनाही हीच धास्ती. जर्मनीच्या महामार्गांवर इतर मोटारींना अनेक ठिकाणी वेगमर्यादाच नाही, पण ट्रेलर जोडला की 80. वेगळी मान्यता घेतली तरच 100.

ट्रॅक्टरच्या ब्रेकला पेडल दोन असतात, डाव्या चाकाचं एक, उजव्याचं एक. शेताच्या बांधाशी एकच दाबून जागच्या जागी वळता येतं. रस्त्यावर ती दोन्ही कडीने एकत्र जोडायची असतात. कडी सुटी राहिली आणि पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर बांधावर वळतो तसाच हमरस्त्यावर वळतो; मागचे 18 टन मात्र सरळच येत राहतात.