लिंडबर्गचा पहारा

स्टॉकहोमचा राजवाडा बाहेरून पाहिला तर पहिल्यांदा थोडी निराशाच होते. सोनेरी घुमट नाहीत, कारंज्यांच्या बागा नाहीत. गाम्ला स्तान या जुन्या गावठाणाच्या टोकाला, पाण्याकाठी, एखाद्या मोठ्या सरकारी कचेरीसारखी चौकोनी, सपाट, पिवळट-तपकिरी इमारत उभी आहे. आत सहाशेहून अधिक खोल्या. दुपारी पहारा बदलण्याचा सोहळा होतो, त्याला गर्दी उसळते. शाही दालनं पाहावीत, पण झुंबरं आणि पडदे युरोपभर साधारण एकाच वळणाचे असतात, त्यामुळे तिथे मी रेंगाळलो नाही. खजिन्यातला एरिक चौदाव्याचा १५६१चा मुकुट मात्र चुकवू नये.

या वाड्याची खरी श्रीमंती तळघरात आहे. एका तळघरात ‘लिव्हरुस्टकाम्मारेन’, म्हणजे राजांच्या कपड्यांचा, शस्त्रांचा आणि घोडागाड्यांचा संग्रह. स्वीडनमधलं हे सर्वांत जुनं संग्रहालय. पोलंडच्या मोहिमेत गुस्ताव अडॉल्फ राजा जखमी झाला आणि तेव्हा अंगावर असलेले रक्ताळलेले कपडे कायमचे जपून ठेवा, असा हुकूम त्याने १६२८ साली केला. स्वतःच्या जखमेचं स्मारक स्वतःच करणाऱ्या माणसाच्या आत्मविश्वासाचं मला कौतुकही वाटतं आणि हसूही येतं. चार वर्षांनी ल्युट्झेनच्या लढाईत तो पडला. त्याचा घोडा स्ट्राइफ भुसा भरून इथे उभा आहे. त्या दिवशी अंगात असलेला चामडी डगला शत्रूच्या हाती लागून व्हिएन्नाला गेला. पहिल्या महायुद्धानंतर, रेड क्रॉसच्या मदतीची जाण ठेवून, ऑस्ट्रियाने तो १९२० साली परत केला.

तिसऱ्या गुस्तावचा मुखवट्यांच्या नाचाचा पोशाखही इथेच आहे. १६ मार्च १७९२च्या रात्री ऑपेरात त्याच्यावर पाठीमागून गोळी झाडली गेली आणि तेराव्या दिवशी तो गेला. मारेकरी अँकरस्ट्रॉमची पिस्तुलंही याच संग्रहात आहेत. राजा मारला की मारेकऱ्यालाही इतिहासात पक्की जागा मिळते.

माझं कुतूहल मात्र अनेक वर्षं एका तिसऱ्याच माणसाभोवती घुटमळत होतं. त्याने कुणाला मारलं नव्हतं. त्याचं नाव स्वेन लिंडबर्ग, हुद्दा राजवाड्याच्या आगपहाऱ्याचा प्रमुख. त्याच्यापर्यंत पोचायचं तर वाड्याच्या उत्तरेकडच्या तळघरात उतरावं लागतं. तिथे ‘त्रे क्रोनोर’ संग्रहालय आहे. त्रे क्रोनोर, म्हणजे तीन मुकुट, हे आताच्या वाड्याआधी याच जागेवर असलेल्या किल्लेवजा वाड्याचं नाव. त्याच्या तेराव्या शतकातल्या तटाची भिंत आणि सोळाव्या शतकातल्या विटांच्या कमानी इथे आजही उभ्या आहेत.

७ मे १६९७. अकरावा कार्ल राजा महिन्यापूर्वीच वारला होता आणि त्याचं शव अजून वाड्यातच ठेवलेलं होतं. गादीचा वारस बारावा कार्ल अवघा चौदा वर्षांचा. दुपारी दोनच्या सुमाराला माळ्यावर आग दिसली. जुना वाडा, सुकलेली लाकडं, त्यावर तांब्याचे पत्रे. पत्रे तापले की खालची लाकडं पेट घेत आणि आग एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली सरकत जाई. विझवण्याच्या सामानापर्यंत पोचायची वाटच ज्वाळांनी अडवली. म्हातारी राजमाता हेदविग एलिओनोरा, पोरसवदा राजा आणि मेलेला राजा, तिघांनाही बाहेर काढावं लागलं.

वाड्यातच राज्याचं दप्तर होतं आणि राजाचा ग्रंथसंग्रहही. दोन्हींचा मोठा भाग जळाला. स्वीडनच्या मध्ययुगावर काम करणारे अभ्यासक त्या दुपारबद्दल आजही हळहळतात. लोकांनी हाताला लागतील ती पुस्तकं खिडक्यांतून खाली फेकली. त्यांत ‘कोडेक्स गिगास’ नावाचं एक अजस्र हस्तलिखितही होतं. जवळजवळ एक मीटर उंच, पंचाहत्तर किलो वजनाचं, आत सैतानाचं पानभर चित्र. मूळ बोहेमियातलं. तीस वर्षांच्या युद्धाच्या शेवटी, १६४८ साली स्वीडिश सैन्याने प्राग लुटलं, त्या लुटीत हे आलं. खाली उभ्या असलेल्या कुणाला तरी ते लागलं, अशी आख्यायिका आहे. माणसाचं काय झालं कोण जाणे, ग्रंथ वाचला. तो आज हुमलेगोर्देन बागेतल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. घरचं गेलं आणि लुटीतलं राहिलं, याची गंमत प्रागच्या लोकांना अधिक कळेल.

मग चौकशी बसली, आणि इथपासून मला या प्रकरणाचा लळा लागला. पहाऱ्याचा नियम साधा होता. दोन पहारेकऱ्यांनी जागेवर असायचं आणि माळ्यावरून फेऱ्या मारायच्या. पहारेकरी होते अँडर्स अँडरसन आणि मॅथियास हॅन्सन. त्या दुपारी एकजण लिंडबर्गच्या बायकोने सांगितलेल्या कामाला बाहेर गेला होता, दुसरा स्वयंपाकघरात. आगीचे धनी सापडायला एवढं पुरे झालं. लिंडबर्ग पैसे घेऊन माणसं नोकरीला लावतो, असाही आरोप पुढे आला. तो खरा असेलही, पण आगीचा त्याच्याशी संबंध काय? एकदा माणूस पडला की मागचापुढचा सगळा हिशोब त्याच्याच खात्यावर चढवायचा, ही कचेऱ्यांची रीत तिथेही होती. आणि साहेबाच्या बायकोने सांगितलेल्या कामाला नाही कोण म्हणणार?

१६९८च्या फेब्रुवारीत निकाल लागला. लिंडबर्गला आणि एका पहारेकऱ्याला देहान्त. मग दया म्हणून शिक्षा बदलली: शिपायांच्या दोन रांगांमधून छड्या खात जायचं, पुन्हा पुन्हा, आणि जगलं तर कार्लस्टेनच्या किल्ल्यात सहा वर्षं सक्तमजुरी. ही दया लिंडबर्गला पेलली नाही. छड्यांनीच तो मेला. त्याच्या वरचा अधिकारी, वाड्याचा व्यवस्थापक गेऑर्ग स्टिएर्नहोफ, याची नोकरी गेली. नोकरीच.

त्या आगीत एका माणसाचं मात्र फावलं. वास्तुकार निकोडेमुस तेसिन धाकटा. जुन्या वाड्याचा उत्तरेचा भाग त्याने नुकताच रोमच्या धर्तीवर नव्याने बांधला होता. उरलेला गबाळा जुना वाडा त्याच्या डोळ्यांत खुपत असणार. आग लागल्यापासून साधारण सहा आठवड्यांत संपूर्ण नव्या वाड्याचे आराखडे तयार. त्याच्यावर संशय घ्यायला काडीचाही आधार नाही आणि मी घेतही नाही. पण इतक्या झपाट्याने आराखडे काढणाऱ्याच्या मनात ते आधीपासून घोळत होते, हे सांगायला चौकशी समिती लागत नाही. आग लागली तेव्हा वाड्यासमोरच्या चढावर तेसिनचं स्वतःचं घरही बांधून होत होतं. तेही आजवर टिकलं आहे आणि स्टॉकहोम प्रांताच्या राज्यपालांचं निवासस्थान आहे. मला विचाराल तर ते राजवाड्याहून देखणं आहे.

तेसिनला वाटलं होतं, काही वर्षांत काम उरकेल. पण बारावा कार्ल १७०० साली लढाईला निघाला तो जिवंतपणी स्टॉकहोमला परतलाच नाही. तिजोरी युद्धाने खाल्ली, बांधकाम १७०९ साली थांबलं. ३० नोव्हेंबर १७१८ रोजी नॉर्वेतल्या फ्रेडरिक्स्टेन किल्ल्यासमोर राजाच्या डोक्यातून गोळी गेली. ज्याच्यासाठी वाडा बांधायला घेतला त्याचा निळा कोट, रक्ताचे डाग पडलेले हातमोजे आणि भोक पडलेली टोपी आज त्याच वाड्याच्या तळघरात आहेत.

काम पुन्हा सुरू झालं ते १७२७ साली. पुढच्याच वर्षी तेसिन वारला आणि सूत्रं कार्ल होर्लेमानकडे गेली. १७५४ साली अडॉल्फ फ्रेडरिक राजा कुटुंबासह नव्या वाड्यात राहायला आला. होर्लेमान आदल्याच वर्षी गेला होता.