ऊन काचेतून येतं, ‘ड’ जीवनसत्त्व येत नाही

निगडी-भोसरीहून चाकण एमआयडीसीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली की तोंडावर चांगलं ऊन येतं. पुढे कधीतरी रक्ताच्या तपासणीत ‘डी’ कमी निघालं की माणूस बुचकळ्यात पडतो: रोज एवढं ऊन लागतं, तरी कमी कसं? कारण मधली काच. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण काच जवळजवळ पूर्ण अडवते. यूव्हीए किरण मात्र खिडकीच्या साध्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात, आणि त्वचा काळवंडते, सुरकुतते ती त्यांच्यामुळे. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या अमेरिकी ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं गाडी चालवून त्याच्या चेहऱ्याची डावी, म्हणजे खिडकीकडची बाजू खोल सुरकुत्यांनी भरली होती. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, म्हणून चाकण-शिक्रापूर रस्त्यावर टेम्पो-ट्रेलर हाकणाऱ्यांनी उजवा गाल आणि उजवा हात जपायला हवा. त्यासाठी सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट लागतो; व्हिटॅमिनची क्रीम त्याची जागा घेऊ शकत नाही.

‘ड’ सकाळच्या कोवळ्या उन्हातून मिळतं, हाही पक्का रुजलेला समज. कोवळ्या उन्हात यूव्हीबी फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हा ते पुरेसे असतात. म्हणजे फर्स्ट शिफ्टला गेटवर लागणाऱ्या उन्हापेक्षा जेवणाच्या सुट्टीत हातांवर घेतलेलं थोडा वेळचं ऊन जास्त उपयोगी. सावळ्या त्वचेला वेळ थोडा जास्त लागतो.

मग मेडिकलमधून ६०,००० युनिटचं सॅशे येतं. रोजची गरज ६०० युनिट धरली, तर एका सॅशेत शंभर दिवसांची बेगमी असते. डॉक्टर ते बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच देतात. कुणी ते टॉनिक समजून रोज घेतलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ‘ड’ शरीरात साठून राहतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. बी-कॉम्प्लेक्सचं उलट आहे. ती गोळी घेतल्यावर लघवी गडद पिवळी झाली की ‘गरम पडली’ म्हणून लोक ती सोडतात. प्रत्यक्षात ते जास्तीचं बी२ बाहेर पडत असतं.

आपल्या भागातली खरी उणीव बी१२ची आहे, आणि तिच्याबद्दल मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष होते. त्यांतल्या ६७ टक्के जणांचं बी१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. तेव्हा खाऊन-पिऊन सुखी घरात उणीव नसते, हा समज सोडून द्यावा. बी१२ पालेभाजीत नसतं, फळांत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच मिळतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही ते घटतं. उणीव झाली की हातापायांना मुंग्या येतात, थकवा जात नाही, आणि काहींच्या बोटांच्या सांध्यांवरची त्वचा काळी पडते. लाइनवर काम करणारा माणूस तो काळेपणा ऑइल-ग्रीसचा समजून घासत बसतो किंवा गोरेपणाची क्रीम लावतो. त्याला क्रीम नको, रक्ताची तपासणी हवी. उपचारासाठी दर वेळी इंजेक्शनच लागतं असंही नाही. जास्त मात्रेच्या गोळ्यांनी बहुतेकांचं काम होतं.

जीवनसत्त्वं बाहेरून लावून काहीच होत नाही, असंही मी म्हणणार नाही. ‘अ’पासून बनलेली ट्रेटिनॉइन मुरमांवर आणि सुरकुत्यांवर खरोखर काम करते, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि गरोदरपणात अजिबात नको. ‘क’चं सीरम उन्हात-हवेत लवकर खराब होतं; तपकिरी झालं की टाकून द्यावं. खायचं ‘क’ मात्र एका मध्यम पेरूतून दिवसभराला पुरून उरतं.

वेल्डिंगची ठिणगी उडून पडलेल्या डागावर ‘ई’ची हिरवी कॅप्सूल फोडून चोळणारे बरेच दिसतात. १९९९ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या ताज्या व्रणांवर ‘ई’ लावून पाहिलं. रुग्ण फक्त १५ होते, पण बहुतेकांना काहीच फायदा झाला नाही, आणि तिघांतल्या एकाला त्या जागी त्वचेची ॲलर्जी झाली.

केसांसाठी खपणाऱ्या बायोटिनची खरी उणीव विरळाच असते. त्याच्या मोठ्या मात्रेमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकतात: थायरॉइडच्या, आणि हृदयविकाराचा झटका ओळखणाऱ्या ट्रोपोनिनच्याही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. कंपनीच्या वार्षिक मेडिकलला जाताना अशी गोळी चालू असेल, तर रक्त देण्याआधीच डॉक्टरांना सांगावं.