व्यापारपेठेतील खिडक्या : बाहेरून भक्कम, आतून मोकळ्या

सांगलीहून तासगावकडे निघाले म्हणजे शहराची वस्ती संपते न संपते तोच माधवनगर लागते. मिरज तालुक्यातील या गावाचे नाव कापड गिरणी आणि यंत्रमाग यांच्याशी जोडले गेले. रेल्वे स्थानक गावातच आणि सांगलीची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पेढ्या, गुदामे व दुकानांचे गाळे येथे वाढत गेले. अशा गावातील व्यापारी इमारत क्वचितच एका कामाची असते. पुढे दुकान, मागे माल, वर कार्यालय आणि कोठे तरी कोपऱ्यात राखणदाराची अथवा कामगारांची पथारी, अशी तिची रचना असते. तिच्या दरवाजाची काळजी सर्वच मालक घेतात. लोखंडी शटर, त्यास दोन बाजूंनी कुलुपे, वर दिवा, हे सर्व केले जाते. खिडकीचा विचार मात्र इमारत पुरी होत आल्यावर, उरलेल्या पैशांतून होतो आणि मागील बोळाकडे उघडणारी खिडकी तर बहुधा कोणाच्या लक्षातच राहत नाही.

कायद्याने मात्र खिडकीकडे पूर्वीपासून लक्ष दिलेले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ४४५ व्या कलमात घरफोडीची व्याख्या करताना जी उदाहरणे दिली होती, त्यांत खिडकीतून आत शिरणे हे एक होते. भिंतीस भोक पाडून त्यातून हात आत घालणे आणि दाराच्या छिद्रातून तार सारून आतील कडी काढणे ही आणखी दोन. ही संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली व घरफोडीची व्याख्या तिच्या ३३० व्या कलमात आली. या जुन्या उदाहरणांतून आजही घेण्याजोगा बोध असा की, चोराचे सबंध शरीर आत येऊ नये एवढी व्यवस्था पुरेशी नाही. त्याचा हात कोठवर पोहोचतो आणि त्या हाताशी कोणती कडी येते, हेही पाहावे लागते.

गज किती जाड असावा?

खिडकीचा प्रश्न निघाला की मालक लोहारास पहिला प्रश्न विचारतो तो गजाच्या जाडीचा. तो रास्त असला तरी अपुरा आहे. १० मिलिमीटरच्या गजाऐवजी १२ मिलिमीटरचा गज घेतला तर लोखंड सुमारे ४४ टक्के अधिक लागते आणि वाकण्यास होणारा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. हा लाभ थोडा नव्हे. परंतु तोच १० मिलिमीटरचा गज मध्यभागी एका आडव्या पट्टीस पक्का जोडला, म्हणजे त्याची मोकळी लांबी निम्मी केली, तर तो विरोध सुमारे आठपट होतो. गज फाकविताना एका गजाचा आधार घेऊन शेजारचा गज रेटला जातो. आडवी पट्टी सर्व गजांना एकमेकांशी बांधून ठेवते, त्यामुळे एकटा गज हलू शकत नाही. चार फूट उंचीच्या खिडकीस एक नव्हे तर दोन पट्ट्या द्याव्यात आणि प्रत्येक छेदावर वेल्डिंग करावे. केवळ टोकांना टाका मारून मधली जागा सोडून देण्याची पद्धत आढळते, ती सोडली पाहिजे. दोन गजांतील मोकळे अंतर १० सेंटिमीटरहून अधिक नसावे. डोके जेथून जाते तेथून किरकोळ बांध्याचे शरीरही जाऊ शकते, हा अनुभव लक्षात ठेवून हे माप धरलेले आहे.

एवढे करूनही जाळी भिंतीस कशी धरली आहे, यावर सर्व अवलंबून राहते. पुष्कळ ठिकाणी जाळी लाकडी चौकटीवर बाहेरील बाजूने बसविलेली असते व तिचे स्क्रू रस्त्यावरून दिसतात. ज्या स्क्रूवर पेचकस चालतो तो स्क्रू चोराच्या सोयीसाठी लावला आहे, असेच म्हटले पाहिजे. जाळी शक्यतो चौकटीच्या आतील बाजूस घ्यावी आणि बाहेरून बसविणे भागच असेल तर स्क्रूऐवजी रिव्हेट वापरावेत अथवा स्क्रूची डोकी वेल्डिंगने भरून घासून काढावीत. नव्या बांधकामात चौकटीचे होल्डफास्ट विटांच्या सांध्यात चेपून न बसविता काँक्रीटच्या ठोकळ्यात धरावेत. कृष्णाकाठी या मुद्द्यास विशेष महत्त्व आहे. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतींना भेगा जातात आणि त्या बहुधा खिडकीच्या कोपऱ्यापासूनच तिरप्या निघतात. अशा भेगेत होल्डफास्ट सैल पडला की जाड गजांची जाळीसुद्धा चौकटीसह उखडून येऊ शकते. तेव्हा गवंड्याचे काम आधी, लोहाराचे नंतर.

काच आणि सरकत्या खिडक्या

अलीकडच्या व्यापारी संकुलांत लाकडी खिडकी जवळजवळ दिसत नाही. तिची जागा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीने घेतली आहे. ती दिसावयास नीटस असते, परंतु तिचे पल्ले खालच्या खाचेत नुसते उभे असतात व वर थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. त्यामुळे पल्ला उचलून खाचेबाहेर काढता येतो. वरच्या पट्टीत अडथळ्याचे तुकडे बसवून ही मोकळी जागा बंद करणे हा फारसा खर्च न येणारा उपाय आहे. तो खिडकी बसविणाऱ्या कारागिराकडून त्याच वेळी करून घ्यावा.

काचेबाबत एक गैरसमज दूर होणे जरूर आहे. कडक केलेली म्हणजे टफन्ड काच साध्या काचेपेक्षा जोराचा आघात सहन करते हे खरे. पण ती फुटली की सबंध तावदानाचे बारीक बारीक कण होऊन खाली पडते आणि वाट मोकळी होते. माणसास इजा कमी व्हावी, हा तिचा मुख्य हेतू. लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मध्ये चिवट पापुद्रा असतो. ती तडकली तरी तुकडे पापुद्र्यास चिकटून राहतात आणि आत शिरावयास बराच वेळ व आवाज करावा लागतो. जेथे दर्शनी काच हवी व जाळी नको असेल तेथे लॅमिनेटेड काचच योग्य होय.

मोठ्या खिडक्यांपेक्षा दुर्लक्षित भोके अधिक धोक्याची ठरतात. स्वच्छतागृहाच्या झडपेतील काचेच्या पट्ट्या नुसत्या चापांत सरकवलेल्या असतात व त्या बाहेरून एकेक करून काढता येतात. हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याचे भोक, जुने वातानुकूलन यंत्र काढल्यावर पत्र्याने झाकलेली जागा, जिन्यावरील झरोका, यांपैकी प्रत्येकास आतून स्वतंत्र जाळी हवी. पेठेतील इमारती एकमेकींना लागून असल्याने शेजारच्या गच्चीवरून, छज्जावरून वा पाण्याच्या नळावरून दुसऱ्या मजल्यावर जाणे अवघड नसते. तळमजल्यास जाळी आणि वरचा मजला उघडा, ही योजना बंगल्यालाही शोभत नाही, मग गुदामाची गोष्ट दूरच.

विजेवर चालणाऱ्या साधनांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, खिडकीच्या पल्ल्यावर चुंबक व चौकटीवर चुंबकाने चालणारी कळ बसविली म्हणजे पल्ला सरकताच घंटा वाजते. यंत्रणा साधी व स्वस्त आहे, मात्र वीज गेल्यावरही चालेल अशी बॅटरी तिला असली पाहिजे. कॅमेरा चोरास टिपतो, थांबवीत नाही.

व्यापाऱ्यास आणखी एका बाजूने खिडकीचा विचार करावा लागतो. घरफोडीच्या विम्याच्या करारात बळाचा वापर करून प्रवेश झालेला असावा, अशी अट असते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका प्रकरणात या अटीचा अर्थ शब्दशः घ्यावा लागेल असे स्पष्ट केले. बळाचा वापर न होता माल गेला असेल तर तो अशा विम्यात बसत नाही. रात्री खिडकी नुसती लोटून ठेवली आणि तेथून माल गेला, तर नुकसान आणि वर विम्याचा नकार, असे दुहेरी संकट येऊ शकते. विमापत्रातील ही अट दुकान बंद करणाऱ्या नोकरासही समजावून सांगितलेली बरी.

हरिपूरच्या पेवांचा धडा

मालाच्या राखणीचा सर्वांत कडेकोट मार्ग सांगलीच्या व्यापाराने फार पूर्वीच शोधला होता. कृष्णा व वारणा यांच्या संगमावरील हरिपूर येथे हळद जमिनीतील पेवांत साठविली जात असे. पेवास खिडकी नाही, दार नाही, फक्त वरून एक तोंड. ते बंद केले की आत वारा नाही, कीड नाही आणि चोरही नाही. २००५ च्या महापुराने या पेवांची मोठी हानी केली व साठवण बव्हंशी जमिनीवरील गुदामांकडे आणि शीतगृहांकडे वळली. पण पेवाविषयीची एक रीत जाणत्यांना ठाऊक आहे. तोंड उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत थांबावे लागते, नाही तर उतरणाऱ्याचा जीव जाण्याचा संभव असतो. जी जागा मालास सर्वांत सुरक्षित, ती माणसास सुरक्षित असेलच असे नाही.

खिडक्यांना सरसकट पक्क्या जाळ्या ठोकताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. ९ मे २०१९ रोजी पहाटे पुण्याजवळील उरुळी देवाची येथे कापडाच्या एका दुकानास आग लागली आणि आत झोपलेले ५ कामगार मृत्यू पावले. दुकानास बाहेरून कुलूप होते. त्याच वर्षी ८ डिसेंबरला दिल्लीच्या अनाज मंडी भागातील चार मजली इमारतीत, जेथे लहान लहान कारखाने चालत व कामगार तेथेच झोपत, ४३ माणसे दगावली. त्यांतील बहुतेकांचा जीव ज्वाळांपेक्षा धुरामुळे गेला आणि बचाव करणाऱ्यांना खिडक्यांच्या जाळ्या कापाव्या लागल्या. न्यूयॉर्क शहरात २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्यात १४६ जीव गेले. तेथे कामगारांनी माल चोरू नये म्हणून एक दार कुलूपबंद ठेवलेले होते. शंभराहून अधिक वर्षांच्या अंतराने घडलेल्या या घटनांत कारण तेच आहे. कुलूप चोरासाठी लावले गेले, अडकली ती माणसे.

आपल्या कायदेकर्त्यांना याची जाण नव्हती असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या मूळ ३८ व्या कलमात, आत माणूस असताना बाहेर पडण्याचे दार आतून सहज उघडणार नाही अशा रीतीने बंद करू नये, असे बंधन होते. त्याखेरीज आगीच्या वेळी बाहेर पडण्यास उपयोगी पडणारी प्रत्येक खिडकी बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत व लाल अक्षरांत दर्शविली जावी, असेही त्यात सांगितले होते. हे कलम १९८७ साली बदलले व तो अधिनियमही आता नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. तरीही खिडकी ही सुटकेची वाट आहे हे इतक्या स्पष्ट शब्दांत फार थोड्या ठिकाणी लिहिले गेले असेल. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम २००६ साली झाला. त्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा साधने चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक वा भोगवटादार यांच्यावर असून, परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावयाचे असते.

उघडणारी जाळी

मग दोन्ही गरजा एकाच खिडकीने कशा भागवाव्यात? उत्तर अवघड नाही. ज्या खोलीत माणसे काम करतात वा झोपतात, तेथील निदान एका खिडकीच्या जाळीचा काही भाग बिजागऱ्यांवर उघडणारा करावा. हा भाग सुमारे दोन फूट रुंद व तीन फूट उंच असावा, म्हणजे मोठा माणूस त्यातून बाहेर पडू शकतो. बिजागऱ्या आतील बाजूस व वेल्डिंगने पक्क्या केलेल्या असाव्यात. कडी आतून, किल्लीविना उघडणारी असावी आणि बाहेरून हात घालणाऱ्यास ती सापडू नये म्हणून तिच्याभोवती पत्र्याची पेटी करावी. दंड संहितेतील तारेचे उदाहरण येथे उपयोगी पडते. पेटीस बाहेरील अंगाने फट राहता कामा नये. कुलूपच लावावयाचे असेल तर किल्ली खिडकीपासून हाताच्या पल्ल्याबाहेर, पण त्याच खोलीत, ठरलेल्या खिळ्यास टांगलेली असावी. मालकाच्या खिशातील किल्ली आगीच्या वेळी नसल्यासारखीच. खिडकी वरच्या मजल्यावर असल्यास ती छज्जाकडे अथवा शेजारच्या गच्चीकडे उघडणारी निवडावी. नेमकी हीच खिडकी चोराच्याही सोयीची असते, म्हणून कडीची पेटी व घंटा या दोन्ही गोष्टी येथे आधी बसवाव्यात.

यंत्रमागाच्या शेडमध्ये अडचण थोडी निराळी असते. सूत तुटू नये म्हणून हवेत दमटपणा राखावा लागतो, त्यासाठी खिडक्या बंद ठेवल्या जातात आणि कापसाचे तंतू जाळीवर, पल्ल्यांवर व बिजागऱ्यांत साचत राहतात. हे तंतू ठिणगीला चटकन पेट घेतात. वर्षभर न उघडलेली जाळी तंतूंनी व गंजाने अशी जाम होते की तीन माणसांनी रेटूनही हलत नाही. खिडकीखाली बीम अथवा तयार कापडाचे गठ्ठे रचून ठेवलेले असतील तर तिच्यापर्यंत पोहोचताही येत नाही. शेडच्या कार्यालयात अग्निशामक सिलिंडर टांगलेला असतो आणि त्याच्या खालीच वाट अडविणारे गठ्ठे असतात, हे चित्र दुर्मिळ नाही.

पावसाळा संपल्यावर आणि दिवाळीचा माल भरण्यापूर्वी एक दिवस या कामास द्यावा. गजांच्या बुडाशी जेथे पाणी साचते तेथे हातोडीने ठोकून पाहावे. गंजलेल्या गजाचा आवाज बद्द येतो. गंज खरवडून रेड ऑक्साइड व वर रंगाचा हात द्यावा, चौकटीभोवतीच्या भेगा सिमेंटने भराव्यात, बिजागऱ्यांतील तंतू काढून तेल सोडावे. उघडणारी जाळी मालकाने नव्हे, तर रात्री आत झोपणाऱ्या कामगाराने दिवे घालवून अंधारात स्वतः एकदा उघडून पाहावी आणि खिडकीवर लाल अक्षरांत ‘संकटकाळी बाहेर पडण्याची वाट’ असे मराठीत, व कामगार परप्रांतीय असतील तर त्यांच्याही भाषेत, लिहून घ्यावे.