बीटल्सची नाताळची तबकडी

१९६३ साली बीटल्सच्या फॅन क्लबकडे पत्रांचे ढीग साचले. उत्तरं जाईनात, तक्रारी वाढल्या. त्यावर प्रसिद्धीप्रमुख टोनी बॅरो यांनी तोडगा काढला: चौघांच्या आवाजातल्या शुभेच्छा पातळ, वाकणाऱ्या तबकडीवर ध्वनिमुद्रित करून सभासदांना फुकट पाठवायच्या. बॅरोंनी लिहून दिलेला मजकूर वाचता वाचता चौघांनी यथेच्छ टवाळकी केली, आणि खरी गंमत त्या टवाळकीतच होती. १९६९ पर्यंत दर नाताळला अशी तबकडी निघाली. शेवटच्या दोन मात्र चौघांनी वेगवेगळं बसून केलेल्या मुद्रणांतून जोडल्या गेल्या. बँडमधली फाटाफूट चाहत्यांच्या कानांवर अशीही पडली.

लिव्हरपूलमध्ये क्लबचा गाडा ओढला फ्रीडा केली यांनी. सुरुवातीला त्यांनी चक्क घरचाच पत्ता दिला होता, त्यामुळे घरात पत्रांचा पूर आला आणि वडील वैतागले. एका मुलीने उशीचा अभ्रा पाठवला, त्यावर बीटल्समधल्या रिंगोने झोपावं म्हणून. फ्रीडाबाई तो घेऊन थेट रिंगोच्या आईकडे गेल्या! बीटल्सचे म्हणून भलत्याचेच केस पाठवणाऱ्या मदतनिसांना मात्र त्यांनी कामावरून काढलं. आजच्या कलाकारांच्या ‘टीम’ने चालवलेल्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांपेक्षा हा कारभार कितीतरी सच्चा.

पुढे चाहत्यांच्या पत्रांना रिंगोही थकला. २० ऑक्टोबर २००८ नंतरची पत्रं थेट कचऱ्यात जातील, असं त्याने व्हिडिओतून जाहीर करून टाकलं.