तोडलेला ऊस उन्हात पाडू नका



मार्चचं ऊन ४० अंशांकडे चाललंय आणि गाडी वेळेवर येत नाही म्हणून मोळ्या फडातच पडतायत. ऊस तुटला तरी आतलं काम थांबत नाही. इन्व्हर्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. त्यांचे कारखान्यात दाणे पडत नाहीत, ते मळीत जातात. तापमान १० अंशांनी वाढलं की हे काम ढोबळमानाने दुप्पट वेगात होतं. डिसेंबरात दोन दिवस निभावलेला ऊस आता एका दिवसात उतरतो. फार उष्णतेत विकर निकामी होतं हे खरं, गुऱ्हाळात रस उकळला की तेच होतं; पण फडात तेवढं तापत नाही. शिवाय पाणी उडून वजन घटतं, तो तोटा सरळ आपल्या खिशातून.

तेव्हा मुकादमाला सांगा, गाडी पक्की झाल्याशिवाय कोयता लावायचा नाही. तोडल्यापासून २४ तासांत ऊस काट्यावर गेला पाहिजे. अडकलाच तर मोळ्या सावलीत ओढा, वर पाचट टाका, पाणी शिंपडा. आणि टोळी कितीही मागे लागली तरी फड पेटवू देऊ नका. जळका ऊस आणखी लवकर बिघडतो.

– कृषी सल्ला, जुळे सोलापूर